इंग्रजी बातमीतली वेळ मराठीत आणताना

वृत्तपत्राच्या जळगाव-धुळे डेस्कवर रात्री वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी येते, पान छपाईला सोडायची घाई असते. ‘बाय’ दिसलं की ‘पर्यंत’ आणि ‘इन’ दिसलं की ‘मध्ये’ असं बोटं आपसूक टाइप करतात. तारखा बिघडतात त्या इथेच.

आधी क्रियापद बघा. ‘बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार ही काम पुरं होण्याची शेवटची मुदत. ‘अंटिल फ्रायडे’ म्हणजे तोवर स्थिती तशीच. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च येतं, म्हणून सगळा भार क्रियापदावर पडतो. ‘पूल शुक्रवारपर्यंत सुरू होईल’ आणि ‘पूल शुक्रवारपर्यंत सुरू राहील’ ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पहिलं वाचणारा आज दुसरा रस्ता धरेल, दुसरं वाचणारा आजच पुलावरून जाईल. शिवाय ‘अंटिल’मध्ये खुद्द शुक्रवार धरला आहे का, हे इंग्रजीतही अनेकदा संदिग्ध असतं. संबंधित कार्यालयाला फोन करा आणि ‘शनिवारी सकाळपासून बंद’ असं थेट लिहा.

मग ‘बाय’नंतर दिवसांची संख्या आहे का ते पाहा. कापूस नोंदणीची मुदत ‘बाय फिफ्टीन डेज’ वाढली, तर जुन्या तारखेत १५ दिवस मिळवायचे: १० तारीख असेल तर २५. ‘टू द फिफ्टीन्थ’ असेल तर १५ तारीख. बातमीत नवी तारीखच द्या, बेरीज शेतकऱ्यावर सोडू नका.

‘इन टू डेज’ भविष्यकाळात आलं की बहुधा ‘दोन दिवसांनी’. ‘विदिन’ असेल तर ‘दोन दिवसांच्या आत’. हतनूर धरणाचे दरवाजे उघडण्याची बातमी असेल, तर तापीकाठच्या गावांसाठी हा फरक फार मोठा आहे. पावसाचे आकडेही असेच जपून घ्या. हवामान विभागाचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो. बुधवारी सकाळी आलेला आकडा ‘बुधवारी पडलेला पाऊस’ म्हणून छापू नका. त्यातला बराचसा वेळ मंगळवारचा असतो.

‘ओव्हर’ची खूण सोपी आहे. ‘ओव्हर द लास्ट टू डेज’ म्हणजे गेल्या दोन दिवसांत. ‘फॉर ओव्हर टू डेज’ म्हणजे दोन दिवसांहून अधिक. ‘सिन्स’पुढे तारीख असेल तर ‘पासून’; पूर्ण वाक्य असेल तर ‘कारण’ही असू शकतं, संदर्भ तपासा.

पान सोडण्याआधी प्रत्येक वारापुढे तारीख घाला: ‘शुक्रवारी (ता. १२)’. अंक दुसऱ्या दिवशी वाचला जातो, तेव्हा ‘आज’ आणि ‘उद्या’ही त्याच हिशेबाने बदला.