जुन्या रापीला नवी मूठ

जुन्या बाजारातून आणलेल्या रापीचं (चामडं कापायच्या सुरीचं) पातं बहुधा ठणठणीत असतं, कुजलेली असते ती मूठ. नव्या मुठीसाठी शिसव किंवा बाभूळ घ्या, पण पूर्ण वाळलेली. पुण्याच्या पावसाळ्यात बसवलेलं ओलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि पातं खुळखुळतं. मुठीतलं भोक पात्याच्या शेपटापेक्षा (मुठीत शिरणाऱ्या टोकापेक्षा) किंचित अरुंद ठेवा. शेपूट तापवून आत दाबलं की लाकूड जळून नेमकी जागा होते. मात्र त्याआधी पात्याला ओलं फडकं गुंडाळायलाच हवं, नाहीतर धारेचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. (माझी एक रापी अशीच वाया गेली.) मुठीच्या तोंडाशी पितळी नळीचा तुकडा घट्ट बसवा, म्हणजे मूठ चिरत नाही. शेवटी भोकात एरल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) भरून रात्रभर ठेवा.