विचित्र वस्तूंचा सचित्र कथासंग्रह: नव्या संपादक, लेखक आणि चित्रकारांसाठी

एका काल्पनिक संग्राहकाकडच्या विचित्र वस्तू, प्रत्येक वस्तूवर वेगळ्या लेखकाची कथा आणि सोबत तिचं चित्र. असा संग्रह करायला घेतला की बहुतेक संपादक पहिल्याच आठवड्यात लेखकांना ‘कथा पाठवा’ म्हणून कळवून मोकळे होतात. घोळाला सुरुवात तिथेच होते. येणाऱ्या कथांपैकी बऱ्याच कथांमध्ये आरसा, घड्याळ, किल्ली, बाहुली किंवा जुनी डायरी असते. वस्तू नेमकी केवढी, कशाची, कुठे तुटलेली, हे तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत विखुरलेलं असतं, कधी एकमेकांशी न जुळणारं. चित्रकार त्यातून जमेल तेवढं वेचतो आणि उरलेलं मनाने भरतो. म्हणून आधी नोंदवही करायची, कथा नंतर मागवायच्या.

नोंदवही म्हणजे साधी एक्सेल शीट. प्रत्येक वस्तूला एक ओळ. वाचकाला दिसणारे रकाने: दाखल क्रमांक, नाव, कशाची बनली आहे, मापं, अवस्था, आधीचे मालक, शेरा. फक्त कामाच्या माणसांसाठी आणखी चार: लेखक, चित्रकार, ‘नियम’ आणि ‘मुद्दाम’. शेवटच्या दोघांबद्दल पुढे येईलच.

दाखल क्रमांक मनाला येईल तसा देऊ नका. बऱ्याच संग्रहालयांत तो तीन तुकड्यांचा असतो: वस्तू दाखल झाली ते साल, त्या सालातला कितवा गठ्ठा, आणि गठ्ठ्यातली कितवी वस्तू. १९११.४.१७ म्हणजे १९११ साली आलेल्या चौथ्या गठ्ठ्यातली सतरावी वस्तू. हा क्रमांक फुकटात कथा सांगतो. एकाच गठ्ठ्यातल्या दोन वस्तू एकाच घरातून आल्या हे वाचक स्वतः ओळखतो. सोळावी आणि अठरावी आहे पण सतरावी कुठेच नाही, हेही त्याच्या लक्षात येतं. मापं उंची, रुंदी, खोली अशा क्रमाने आणि सगळीकडे मिलिमीटरमध्ये द्या. एका लेखकाने वीत, दुसऱ्याने इंच वापरले तर नोंदवही एका कार्यालयाची वाटत नाही.

नोंद कशी दिसावी ते पाहा:

‘१९११.४.१७. फणी, हाडाची. ४६ × ११२ × ४ मिमी. दात ३१. डाव्या टोकाचे दोन दात आखूड. मोडल्याची खूण नाही. देणाऱ्याचं नाव नोंदलेलं नाही. शेरा: दाखल करतानाच्या नोंदीत दात २९. पुन्हा मोजावेत.’

यात ‘गूढ’ नाही, ‘शापित’ नाही, ‘अद्भुत’ तर नाहीच. लिहिणारा कारकून चक्रावलेलासुद्धा नाही. आधीच्या माणसाने मोजायला चूक केली असं त्याला वाटतं. वाचक मात्र ‘मोडल्याची खूण नाही’ इथे थबकतो. वस्तूचं विचित्रपण नोंदीत एकाच जागी हवं आणि बाकी सगळं कोरडं. दोन जागी ठेवलं की वाचक सावध होतो, तीन जागी ठेवलं की गंमत संपते.

या फणीचा ‘नियम’ रकान्यात असा लिहिलेला असेल: ‘ज्या घरात ती आहे तिथे कोणी वारलं की एक दात वाढतो.’ नियम वीस शब्दांच्या आत बसला पाहिजे. बसत नसेल तर एका वस्तूत दोन वस्तू कोंबल्या आहेत. नियमाला एक मर्यादाही हवी. फणीला फक्त ‘घर’ कळतं, माणसं कळत नाहीत. ती संग्रहात आल्यापासून दोन दात वाढले, म्हणजे तिच्या लेखी घर आता कोणतं, हा कथेचा प्रश्न झाला. नियम आणि मर्यादा यांच्या फटीतून कथा निघते. नुसती शक्तिमान वस्तू दिली तर लेखक तीन हजार शब्द तिची करामत दाखवण्यात घालवतो.

‘मुद्दाम’ हा रकाना विसंगतींसाठी आहे. २९ आणि ३१ हा फरक ठरवून केलेला आहे, हे तिथे लिहून ठेवायचं. नाहीतर चार महिन्यांनी मुद्रितशोधक तो प्रामाणिकपणे ‘दुरुस्त’ करतो आणि कथेचा कणाच मोडतो. जी विसंगती या रकान्यात नाही ती चूक समजायची आणि काढून टाकायची.

कोरड्या नोंदीची ही ताकद आपण शोधलेली नाही. लंडनच्या ट्रेडस्कंट या संग्राहक पितापुत्रांच्या संग्रहाची यादी १६५६ साली छापली गेली. तिच्यात फिनिक्सच्या शेपटीची दोन पिसं आणि ड्रॅगनचं अंडं आहे, आणि त्याच यादीत मॉरिशसचा डोडो पक्षीही आहे, अगदी त्याच सुरात. पिसं कशाची होती देव जाणे. डोडो खरा होता आणि त्याच्या डोक्याचे व पायाचे अवशेष ऑक्सफर्डमध्ये अजून आहेत. उलट बाजूचं उदाहरण ओले वर्म या डॅनिश वैद्याचं. एकशिंग्याचं शिंग म्हणून भरमसाट किमतीला विकला जाणारा पीळदार सुळा उत्तरेकडच्या समुद्रातल्या नारव्हाल या देवमाशाचा असतो, हे त्याने १६३८ मध्ये दाखवून दिलं. काल्पनिक संग्रहातही अशी एखादी वस्तू ठेवावी, जिचं गूढ कोणीतरी साधेपणाने उकललं आहे. तिच्यामुळे बाकीच्या वस्तूंवर विश्वास बसतो.

चित्रकारांनी दोन जुनी खोदचित्रं समोर ठेवावीत: नेपल्सच्या फेरांते इंपेराटोच्या १५९९ च्या ग्रंथातलं, ज्यात छताला मगर टांगलेली आहे, आणि वर्मच्या १६५५ च्या ग्रंथातलं, ज्यात वर कायाक (निमुळती होडी) आणि मासे लटकतात आणि खाली फळ्यांवर नावं लिहिलेल्या पेट्या आहेत. शेकडो वस्तू असूनही डोळा अडकत नाही, कारण मोठ्या आकारांना वर मोकळी जागा दिली आहे आणि बारीक वस्तू रांगेत बसवल्या आहेत. ही चित्रं प्रताधिकारमुक्त आहेत, पण एखाद्या ग्रंथालयाने केलेल्या स्कॅनच्या वापराला अटी असू शकतात. पुस्तकात छापणार असाल तर त्या आधी वाचा.

पुस्तकाचा हिशेब

नवखे इथे सगळ्यात जास्त गडबडतात, म्हणून आकडे मांडून दाखवतो. डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच × साडेआठ इंच) पानावर १२ पॉइंट देवनागरी, ओळींतलं अंतर १७–१८ पॉइंट ठेवलं तर साधारण २८० शब्द बसतात. तीन-तीन हजार शब्दांच्या १० कथा म्हणजे ३०,००० शब्द. दोनशे शब्दांच्या २४ सुट्या नोंदी म्हणजे ४,८००. दोन्ही मिळून सुमारे १२५ पानं. पूर्ण पानाची १० चित्रं, नोंदींसोबतची अर्ध्या पानाची २४ चित्रं म्हणजे आणखी १२ पानं, आणि सुरुवातीची-शेवटची १०. झाली १५७. सोळा पानांचा एक फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं) धरला तर १० फर्म्यांत, म्हणजे १६० पानांत पुस्तक बसतं. हेच १६३ झालं तर अकरावा फर्मा लागतो आणि त्यातली बहुतेक पानं कोरी जातात. म्हणून शब्दमर्यादा लेखकांना पहिल्याच पत्रात सांगायची आणि पाळायला लावायची. ‘थोडं इकडेतिकडे चालेल’ असं लिहिलं की तीन हजारांचे पाच हजार होतात, हे गृहीत धरा.

सगळ्या वस्तूंना कथा मिळत नाही, मिळूही नये. ज्या नोंदींना कथा नाही त्या वाचकाच्या डोक्यात जास्त काळ राहतात.

वेळ धरताना एक वर्ष कमीच पडतं. नोंदवहीला महिना, लेखनाला तीन महिने, संपादनाच्या दोन फेऱ्यांना दोन, चित्रांना चार, मांडणीला दीड, प्रुफांना तीन आठवडे आणि छपाई-बांधणीला महिना. चित्रं पहिल्या खर्ड्यावर सुरू करायचा मोह होतो. करू नका. दुसऱ्या खर्ड्यात लेखक हाडाची फणी शिंगाची करतो.

लेखकाने काय पाठवायचं

आधी नोंद, मग पाच ओळींचा आराखडा, मग कथा. आराखड्याच्या पातळीवर संपादक दोन गोष्टी पाहतो: वस्तूशिवाय ही कथा घडली असती का, आणि हीच कथा दुसऱ्या वस्तूवर चालली असती का. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर कथा परत येते. एकच वस्तू दोघांना नको म्हणून घेतलेल्या वस्तूंची यादी सगळ्यांना उघडी ठेवावी. आरसा एकच, घड्याळ एकच, किल्ली एकच.

आणखी एक सवय लवकर मोडावी लागते: प्रत्येक कथेत त्या संग्राहकाला आणण्याची. दहा लेखकांनी दहा वेळा त्याला पांढरी दाढी आणि काठी दिली की तो विनोदी होतो. तीन कथांत तो दिसावा, दोनांत त्याचं नुसतं पत्र असावं, बाकी ठिकाणी फक्त त्याचा दाखल क्रमांक.

चित्रकारासाठी

अनेक चित्रकार असतील तर सगळ्यांची शैली एक करायला जाऊ नका, ते जमत नाही आणि दिसतंही वाईट. फक्त तीन गोष्टी ठरवा: प्रकाश डावीकडून वरून, सर्वांत बारीक रेघ किती, आणि प्रत्येक वस्तूच्या खाली मोजपट्टी. मोजपट्टी असली की हातभर वस्तू आणि नखाएवढी वस्तू एकाच पानावर नांदतात.

शाईचं काम छापायच्या मापाच्या दीडपट करावं. लहान करताना थरथर लपते, पण रेघाही बारीक होतात. छापून आलेली रेघ पाव पॉइंटपेक्षा बारीक असेल तर तुटते, म्हणून मूळ चित्रात ०.४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. आता फणी घ्या. ३१ दात आणि मधल्या फटी म्हणजे साठेक पट्ट्या. चित्र ६० मिमी रुंद छापलं तर प्रत्येक पट्टीला जेमतेम एक मिलिमीटर मिळतो आणि दात मोजता येतात. तेच कोपऱ्यातलं २५ मिमीचं चित्र केलं तर पट्टी ०.४ मिमीची होते. दाताला बाह्यरेषा आणि छटा दिली की मॅपलिथो (बिनचकाकीच्या) कागदावर शाई पसरून फटी बुजतात. ज्या वस्तूत वाचकाने मोजायचं आहे तिला जागा आधी द्या, मग मांडणी करा.

टप्पे असे: अंगठ्याएवढे तीन आराखडे, त्यातल्या एकाचं पेन्सिल रेखाटन, मग शाई. बदल पेन्सिलीपर्यंत, जास्तीत जास्त दोन फेऱ्या. शाईनंतर फक्त नोंदीशी न जुळणारी गोष्ट दुरुस्त करून मागता येते, ‘जरा आणखी भीतीदायक’ असं नाही. निव्वळ रेघांचं काम १२०० डीपीआयला (एका इंचात इतके ठिपके), एकरंगी स्वरूपात स्कॅन करा. छटांचं काम छापायच्या मापाला ३०० डीपीआय पुरतं. रेघांचं चित्र जेपीईजीमध्ये कधी पाठवू नका, कडांभोवती करडी धूळ येते.

काम मागायला जाताना आठ-दहा चित्रं पुरेत, पण त्यात एकच वस्तू तीन बाजूंनी काढलेली हवी. संपादक सुंदर चित्रापेक्षा तीच वस्तू पुन्हा तशीच काढता येते का हे बघतो.

छापखान्यात जाण्याआधी

मराठी मजकुरात पहिला घात जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये रूपांतर करताना होतो. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कोपऱ्यात’ असे शब्द शोधून एकेक तपासा. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या हाताळणारा कंपोझर (अक्षरं जुळवण्याची सेटिंग) निवडला नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फाँटमध्ये ल आणि श ची मराठी वळणं आहेत का तेही बघा; हिंदी वळणाचा ल मथळ्यात फार खुपतो.

पानाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारा जादा भाग. बांधणीच्या बाजूला १२ मिमीच्या आत महत्त्वाचं काही नको. दोन पानांवर पसरलेलं चित्र परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पानं कण्याला डिंकाने चिकटवलेल्या बांधणीत) मधोमध गिळलं जातं. असं चित्र हवंच असेल तर जुजबंदी (फर्मे दोऱ्याने शिवून केलेली बांधणी) करून घ्या आणि ते फर्म्याच्या मधल्या जोडपानावर टाका. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार रंगांचा काळा केला तर रंग किंचित सरकले तरी अक्षरांना सावल्या येतात. कण्याची जाडी अंदाजाने धरू नका: १६० पानं म्हणजे ८० कागद × साधारण ०.११ मिमी म्हणजे ९ मिमीच्या आसपास, पण खरा कागद ठरल्यावर छापखान्याकडून कोरी बांधलेली प्रत मागवून मोजा. त्याशिवाय मुखपृष्ठ अंतिम करायचं नाही.

करार छोटा असला तरी लेखी हवा. लेखकाने पहिल्या प्रकाशनाचा हक्क द्यावा आणि कथा दुसरीकडे देण्यावर बंदी सहा महिने ते वर्षभराचीच मान्य करावी. चित्रकाराने मूळ चित्र स्वतःकडे ठेवावं आणि मुखपृष्ठ, जाहिरात, टी-शर्ट असे प्रत्येक वापर वेगळे लिहून घ्यावेत. काम अर्ध्यावर रद्द झालं तर किती पैसे मिळतील, हे पेन्सिलीच्या आणि शाईच्या टप्प्यासाठी वेगवेगळं ठरवा. सामाईक जगाचा मुद्दा नेहमी विसरला जातो: संग्राहकाचं पात्र कोणाचं, आणि तुम्ही शोधलेली वस्तू पुढच्या भागात दुसरा लेखक वापरू शकतो का. हे पहिल्या भागाच्या करारातच यायला हवं. दुसरा भाग ठरल्यावर सगळ्यांच्या सह्या गोळा करत बसणं फार त्रासाचं असतं.