किनाऱ्यावरच्या वाळूतलं मायक्रोप्लास्टिक घरच्या घरी कसं मोजावं

५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिक म्हणजे मायक्रोप्लास्टिक. कालवं पाणी गाळून अन्न घेतात आणि वाळूतले काही किडे वाळूच गिळतात, त्यामुळे हे कण थेट त्यांच्या पोटात जातात. पोट प्लास्टिकने भरलं की खाणं कमी होतं आणि शरीरातली साठवलेली ऊर्जा घटते. आपल्या किनाऱ्यावर हे किती आहे ते मोजता येतं.

ओहोटीला जा. भरतीने काटक्या-शेवाळ टाकलेल्या रेषेवर ५० बाय ५० सेंमीचा चौकोन आखा आणि वरची ५ सेंमी वाळू स्टीलच्या कलथ्याने काढा. ५ मिमीच्या चाळणीतून चाळून नीट मिसळा आणि त्यातली किलोभर काचेच्या बरणीत भरा. कपडे सुतीच घाला; पॉलिएस्टरचे धागे नमुन्यात हमखास पडतात.

वाळू झाकून पूर्ण वाळवा, त्यातली २०० ग्रॅम मोजून रिकाम्या काचेच्या बरणीत घ्या. १ लिटर पाण्यात ३७० ग्रॅम मीठ ढवळा; तळाशी थोडं उरलं की द्रावण संपृक्त झालं. त्याची घनता साध्या पाण्याच्या सुमारे १.२ पट. साध्या पाण्यात नायलॉन (१.१४) बुडतो, इथे तरंगतो. हे पाणी कॉफी फिल्टरमधून गाळायलाच हवं, कारण मिठातही प्लास्टिक असतं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना २०१८ मध्ये भारतीय ब्रँडच्या मिठात ते सापडलं होतं.

बरणी स्टीलच्या परातीत ठेवा. वाळूवर ६०० मिली द्रावण ओता, दोन मिनिटं ढवळा, झाकून रात्रभर ठेवा. मग बरणी तिरकी करू नका, तळाची वाळू लगेच उठते. वरून हळूहळू गाळलेलं मीठपाणी घाला, म्हणजे तरंगणारे कण काठावरून परातीत उतरतील. ते फिल्टरवर घ्या आणि गाळलेल्या साध्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाचे स्फटिकच कण वाटतात. त्याच वाळूवर हे तीनदा करा.

फिल्टर वाळल्यावर दहापट भिंगाखाली पाहा. शंका आली तर तापवलेल्या सुईचं टोक लावा, खिडकी उघडी ठेवून. प्लास्टिक वितळतं किंवा आक्रसतं. शेवाळ, सूत जळून काळं पडतं.

वाळू न घालता हेच सगळं एकदा करा आणि त्यात निघालेले कण मोजणीतून वजा करा. उरलेल्या आकड्याला ५ ने गुणलं की किलोमागे संख्या मिळते. बाटल्यांचं पीईटी आणि पीव्हीसी (दोन्ही साधारण १.३८) या द्रावणातही बुडतात, म्हणून आकड्यापुढे 'किमान' लिहा.