पुरातून आलेली पिकअप दुरुस्त करताना या चुका टाळा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी पिकअप बॉनेटपर्यंत बुडाल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. इन्शुरन्सने टोटल लॉस केलेल्या या गाड्या लिलावात निघतात, कुणीतरी स्वस्तात घेतो, डेंटिंग-पेंटिंग करून चकाचक करतो आणि मग आमच्याकडे येतो, "मिस्त्री, सगळं नवीन टाकलंय, तरी बंद पडते." इतकी वर्षं मी याच चुका बघतोय, म्हणून हे लिहितोय.

सेल्फ मारून बघणं

क्रेनवरून गाडी उतरली की मालकाचा हात आधी चावीकडे जातो. तिथेच इंजिन जातं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड थोडाच वाकला तर गाडी सुरूही होते, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी राहतं आणि ती मिसिंग मारत राहते. मग सहा महिने लोक नोझल बदलत बसतात.

मी आधी बॅटरीची केबल काढतो आणि एअर फिल्टरचा डबा उघडतो. आत गाळाची रेघ दिसली तर सेल्फ बंद. चारही हीटर प्लग (सिलिंडरमधली हवा तापवणारे) काढून पुलीच्या बोल्टला पाना लावायचा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. पाणी असलं तर प्लगच्या भोकातून पिचकारी येते. चेंबरमधलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइल आणि फिल्टर बदलायचा, गाडी थोडा वेळ चालवायची आणि पुन्हा बदलायचा. दुसऱ्यांदा ऑइल टाकायला लोक कां कू करतात. मी त्याशिवाय गाडी देत नाही.

कोड आला की पार्ट बदलणं

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. शिरोळ तालुक्यातला एक भाजीवाला अशीच लिलावातली पिकअप घेऊन आला. भाजी घेऊन कोकणात उतरायचा, येताना नारळ नाहीतर आंब्याच्या पेट्या भरून करूळ घाट चढायचा. टाकी फुल्ल असली की गाडीची काही तक्रार नाही. टाकी अर्ध्यावर आली आणि चढ लागला की गाडीचा जोर जायचा, दोन-तीन वळणांत इंजिन बंद. हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) मारून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू.

माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, लावून झाला होता. दोन्हीकडे कोड पी००८७, म्हणजे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या जाड नळीत) प्रेशर कमी. एकाने हाय प्रेशर पंप बदलला, दुसऱ्याने चार इंजेक्टर आणि रेलचा सेन्सर. साठ हजारांवर बिल झालं आणि गाडी घाटात त्याच वळणाला बंद. प्रेशर कमी आहे एवढंच तो कोड सांगतो. कशामुळे कमी आहे, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

माझ्याकडे पाच लिटरचा एक कॅन आहे. त्यात स्वच्छ, गाळलेलं डिझेल भरायचं, डिझेल फिल्टरच्या आधीचा पाइप काढून कॅनमध्ये सोडायचा आणि रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल परत आणणारा पाइपही त्यातच. कॅन सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधायचा. आता टाकी आणि चासीखालची लाइन बाजूला पडली. कॅनवर गाडी नीट चालली तर दोष टाकीच्या बाजूला, नाही चालली तर फिल्टरपासून पुढे. भाजीवाल्याची गाडी मी कॅनवर अर्धा तास रेस दिली, एकदाही अडकली नाही.

मग टाकीची लाइन परत जोडली आणि फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप बसवला. आयडलला मोहरीएवढे बुडबुडे, तेही सुटे सुटे. रेस दिल्यावर त्यांची माळच लागली आणि पाइपात डिझेलपेक्षा फेस जास्त दिसायला लागला. लाइन चाचपत मागे गेलो. चासीला जिथे नवा पत्रा वेल्ड केला होता, तिथे रबरी पाइप वेल्डिंगच्या उष्णतेने कडक झाला होता. बोटाने वाकवल्यावर केसाएवढी चीर उघडली. बाहेर ओल नाही, डाग नाही. पंप टाकीतून डिझेल ओढत असतो, त्यामुळे अशा चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकी भरलेली असताना पंपाला फार ओढावं लागत नाही, म्हणून ते खपून जात होतं.

दीड फूट पाइप आणि दोन क्लिपा, तीनशेच्या आत काम. टाकीही उतरवली. तळाशी नदीचा गाळ होता, चिमटीत घेतला तर पावडरीसारखा मऊ. मालक खाली वाकून तो जुना पाइप कितीतरी वेळ बघत होता. "मग पंप कशाला बदलला त्यांनी?" मला काही बोलता आलं नाही.

नवीन पोरांना स्कॅनर फार आवडतो. जरूर वापरा, मीही वापरतो. पण कॅन लावायला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढा धीर नसेल तर डिझेलच्या कामाला हात घालू नका. गिऱ्हाइकाने कर्ज काढून गाडी घेतलेली असते.

कॉमन रेलचा नट ढिला करणं

जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांवर शिकलेले मिस्त्री लाइनमधली एअर (हवा) काढायला अजूनही इंजेक्टरचा नट ढिला करून सेल्फ मारायला लावतात. कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल जाणाऱ्या इंजिनवर, हे कधीही करू नका. गाडी चालू असताना तिथे हजार बारच्या वर प्रेशर जातं. ती धार कातडीतून आत घुसते, वरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडायला लागतो. असं झालंच तर मलमपट्टी करत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एअर हँड प्रायमरनेच काढायची.

पेट्रोलचा बोळा

एअर फिल्टरमध्ये पेट्रोलचा बोळा किंवा स्प्रे टाकून गाडी उठवणं बंद करा. हीटर प्लग तापलेले असताना नको त्या वेळी भडका होतो, रिंगा तुटतात, कधी पिस्टनही. त्यापेक्षा सेल्फ मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. बहुतेक गाड्या साधारण २०० बारच्या पुढे गेल्याशिवाय उठत नाहीत. तिथवर प्रेशर चढतच नसेल तर आधी कॅन, मग प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न, म्हणजे त्यातून परत येणारं डिझेल, वेगळ्या बाटलीत मोजायची. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल आलं तर तो इंजेक्टर काढायचा, चारही नाही. आणि नवा टाकला की त्याच्यावरचा कोड स्कॅनरने गाडीत भरायचा. हे विसरतात आणि मग धूर, खडखड.

अर्थ

पेंटरने अर्थच्या पट्टीखालीही रंग मारलेला असतो. तो खरवडा. सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवला तर अर्थ खराब आहे. पुरात बुडालेल्या वायरिंगचे कनेक्टर एकेक उघडून बघा, आत हिरवं चढलेलं असतंच.

इंजेक्टरखालचे कॉपर वॉशर जुने लावू नका. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी पहिले दोन महिने दर आठवड्याला काढा.

ट्रायल गॅरेजभोवती चक्कर मारून होत नाही. भाजीवाल्याच्या गाडीत पावच टाकी डिझेल ठेवलं, मागे वाळूची वीस पोती टाकली आणि करूळ घाट खालून वरपर्यंत दोनदा चढवला. दुसऱ्या वेळी गाडी तोच चालवत होता.