ओव्हनसाठी एमसीबी निवडताना या चुका टाळा

एमसीबी, म्हणजे लाइनवर भार जास्त झाला की आपोआप पडणारा (बंद होणारा) स्विच, ओव्हन वाचवायला नसतो, भिंतीतली वायर वाचवायला असतो. हे कळले की निम्म्या चुका टळतात. पण महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन ‘जरा मोठाच द्या’ म्हणणारे काही कमी होत नाहीत.

सगळ्यात नडते ती चूक हीच: सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणे. लोकमान्य नगरातल्या एका काकूंनी 3000 वॅटचा ओव्हन घेतला. 230 व्होल्टवर तो 13 अँपिअर ओढतो. त्याच लाइनवर 2000 वॅटचा गीझर, त्याचे पावणेनऊ. दोन्ही चालू असले की जवळजवळ 22. नानखटाई अर्धी भाजून झाली की 16 अँपिअरचा एमसीबी पडायचा, म्हणजे आपले काम चोख करत होता. एका उतावळ्या पोराने तिथे 32 चा ठोकला, ‘आता नाही पडणार काकू’ म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. नाहीच पडला. भिंतीतली वायर मात्र दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची), आणि 22 अँपिअर 32 च्या खिजगणतीतही नाही. दिवाळीच्या तोंडावर ‘ओव्हनमधून प्लास्टिकचा वास येतो’ म्हणून काकूंनी मला बोलावले. बोर्ड उघडला तर वायरचे लाल आवरण तपकिरी पडलेले, बोट लावताच तुकडे हातात. डीबीपासून (एमसीबींच्या मुख्य पेटीपासून) ओव्हनला वेगळी लाइन ओढली, एमसीबी पुन्हा 16 चा. अडीचची तांब्याची वायर पुरते. मी चारचीच टाकतो, सवय. भिंत फोडली म्हणून काका कुरकुरले. कुरकुरू देत.

आरसीसीबी (वीज गळू लागली की पडणारा स्विच) आहे, मग एमसीबी कशाला? हे खूळ डोक्यातून काढा. तो 30 मिलिअँपिअरची गळती पकडतो. ओव्हरलोड त्याला दिसतच नाही.

पावसाळ्यानंतर ओव्हन लावताच आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा एलिमेंटने ओल धरलेली असते. मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावून बघून घ्या. ‘आजच्या दिवस बायपास करून द्या ना’ म्हणणाऱ्यांचे काम मी घेत नाही.

6 अँपिअरच्या सॉकेटला अ‍ॅडॉप्टर लावून ओव्हन? नाही.

बी कर्व्ह की सी, म्हणजे एमसीबी किती मोठ्या झटक्याला लगेच पडतो, यावर डोके शिणवू नका. ओव्हन म्हणजे हीटर, सुरू होताना मोटरसारखा झटका घेत नाही. बी चालतो. सी ला लगेच पडायला मोठा झटका लागतो, म्हणून दुकानात सीच मिळाला, तर आधी अर्थिंग तपासून घ्या.

आणि नवा एमसीबी लावला की टर्मिनलचे स्क्रू नीट आवळा. मी ओव्हन अर्धा तास चालवतो, मेन बंद करतो आणि परत एकदा पेचकस फिरवून बघतो. ढिल्या स्क्रूपाशी वायर जळते, आणि तेव्हा एमसीबी पडेलच असे नाही.