जुन्या आकेडिया बोट-इंजिनाला पुन्हा ठिणगी: माझा अनुभव

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात शेजारच्या आजोबांच्या शेडमधलं एका सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन माझ्याकडे आलं, तेव्हा कंपनीच्या नावाची पितळी पाटी गायब होती. रंगावरून कंपनी ठरवू नका, रंग मागाहून कितीदा तरी मारलेला असतो. वायर ब्रशने घासल्यावर बिडावर ‘आकेडिया’ ही ओतीव अक्षरं उघडी पडली. १९०८ साली नोव्हा स्कोशियातल्याच ब्रिजवॉटरला सुरू झालेला इंजिनांचा कारखाना! मग मॉडेल ओळखायला बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनच्या एका फेरीचं अंतर) मोजून जुन्या कॅटलॉगशी ताडले.

पिस्टन जाम होता. डिझेल ओतून भिजत ठेवला, रोज फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, दोन्हीकडे जरा जरा ढकललं, शेवटी सुटला. हातोडा मात्र अजिबात नको, बीड तडकतं.

खरी गंमत ठिणगीत आहे. या टू-स्ट्रोकला स्पार्क प्लग नाही. सिलिंडरच्या आतच दोन कॉन्टॅक्ट जुळतात आणि झटक्यात सुटतात. प्रवाह तुटला की कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा तिथेच ठिणगी होऊन उडते. कॉइलही साधी, लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचं एकच वाइंडिंग. स्थिर कॉन्टॅक्टभोवतीच्या, वीज अडवणाऱ्या अभ्रकाच्या चकत्या फुटून त्यांत तेलकट काजळी बसली होती, त्यामुळे प्रवाह थेट बॉडीत उतरत होता. नव्या चकत्या कापून बसवल्या, हलणाऱ्या कॉन्टॅक्टचा दांडा मोकळा केला, कॉन्टॅक्ट कानशीने सपाट केले. ६ व्होल्टच्या बॅटरीवर लख्ख ठिणगी!

सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जॅकेटमधला (भोवतीच्या पोकळीतला) खारा गंज काढला, फ्लायव्हीलला हाताने झटका दिला, आणि इंजिनाने धरलं.