जुन्या पद्मिनीतील विजेचे बिघाड: आधी मोजा, मग सुटे भाग बदला

कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून आणि पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने तयार होऊ लागलेल्या गाडीची वीजव्यवस्था अतिशय साधी आहे. बारा व्होल्टची बॅटरी, इंजिन चालू असताना ती चार्ज करणारा डायनामो किंवा नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर, इंजिन सुरू करणारी मोटर म्हणजे सेल्फ, ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी कॉइल आणि तिचा करंट उघडझाप करून तोडणारे पॉइंट यांवर चालणारे इग्निशन, दिवे आणि मोजके फ्यूज, इतकाच तिचा पसारा. तरीही गाडी बंद पडू लागली की मालक एकदा बॅटरी, एकदा कॉइल, एकदा सेल्फ असे भाग बदलत राहतात आणि बिघाड मात्र जागच्या जागी राहतो, कारण इतक्या जुन्या गाडीत तो बहुतेक वेळा भागात नसून दोन भागांमधल्या जोडात असतो. जोड पाहून कळत नाही, तो मोजावा लागतो.

यामागचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. बॅटरीतून निघालेला करंट वायरीने दिव्यापर्यंत जातो, पण परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. म्हणजे बॉडी हीच परतीची वायर आहे आणि पद्मिनीत बॅटरीचे निगेटिव्ह टोक तिला जोडलेले असते. पन्नास वर्षांचा गंज किंवा नव्याने मारलेला रंग या परतीच्या वाटेत आला की दिवे मंदावतात, हॉर्न घोगरा होतो, इंडिकेटर लावला तर शेजारचा पार्किंगचा दिवाही लुकलुकू लागतो. हौसेने रंगकाम करून आणलेल्या गाडीत नेमके विजेचे बिघाड सुरू होतात ते यामुळेच. अर्थच्या, म्हणजे बॅटरीची किंवा दिव्याची परतीची वायर बॉडीला जोडणाऱ्या, बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करावा, बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. कित्येक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

कामासाठी डिजिटल मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब), बारीक सँडपेपर आणि आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम पुरेसा आहे. कोणतीही वायर सोडण्यापूर्वी बॅटरीचे अर्थचे टोक आधी काढावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी लावावे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. कार्ब्युरेटरपाशी पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती थांबवावी. हीच पद्धत दुसऱ्या जुन्या गाडीवर वापरायची असेल, तर आधी तिच्या बॅटरीचे कोणते टोक अर्थला, म्हणजे बॉडीला, जोडले आहे ते पाहावे. 1960 च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे, आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या होत्या.

सुरुवात बॅटरीपासूनच करावी. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12 च्या खाली असेल तर ती चार्ज केल्याशिवाय पुढच्या कोणत्याही चाचणीला अर्थ नाही. सेल्फ मारताना हा आकडा दहाच्या आसपास टिकला पाहिजे. तो सात-आठवर कोसळत असेल तर बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो आहे.

आकडा टिकतो आणि तरी सेल्फ जड फिरतो, अशा वेळी केली जाणारी चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर आणि दुसरी त्याच खुंट्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर टेकवावी. दोन्ही पिनांत जेमतेम अर्ध्या बोटाचे अंतर असते आणि गाडी बंद असताना मीटर शून्य दाखवतो. आता सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा जवळपास शून्यावरच राहिला तर जोड चांगला आहे. तो अर्धा-एक व्होल्ट चढला, तर वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्या क्लॅम्पच्या आत क्षाराचा पापुद्रा आहे आणि तेवढे व्होल्टेज तिथेच वाया जाते आहे. हीच मोजणी पुढे बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत करावी, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालते. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत करावी, तिथे 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त नको. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी पट्टी तुटली, तर सेल्फचा प्रचंड करंट चोकच्या किंवा ऍक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली तर दुसरीकडे शोधण्याची गरजच नाही.

चार्जिंग तपासताना डायनामो आणि अल्टरनेटर यांत फरक करावा. आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणणे हे डायनामोच्या बाबतीत दोषाचे लक्षण नाही, पण इंजिनची गती वाढवली की तो विझला पाहिजे आणि बॅटरीवर चौदा व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर आधी पट्ट्याचा ताण, मग डायनामोच्या आतले कार्बनचे ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर पाहावेत. ज्या डायनामोवर डी आणि एफ ही इंग्रजी अक्षरे असतात, त्या ल्युकास पद्धतीच्या डायनामोच्या दोन्ही वायरी सोडाव्यात, दोन्ही टर्मिनल एका तुकड्याने जोडावेत आणि तिथून अर्थपर्यंत मीटर लावून इंजिन हळूच वाढवावे. व्होल्टेज झरझर चढले तर डायनामो चांगला आहे आणि दोष कट-आऊट (डायनामो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच), व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा वायरीत आहे. वीस व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नये. इतर बनावटीच्या डायनामोत फील्डची, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याची, जोडणी वेगळी असू शकते, म्हणून तिथे मॅन्युअलच प्रमाण मानावे. कट-आऊटचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद असतानाही बॅटरी डायनामोत रिकामी होते आणि वायरी तापतात, तेव्हा बॅटरी तत्काळ सोडावी. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडू नये. तसे केल्यास डायोड जळतात.

सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा इग्निशन चालू ठेवून कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलवर मीटर लावावा आणि इंजिन हाताने थोडे थोडे फिरवावे. पॉइंट उघडे असताना बॅटरीएवढे आणि मिटले असताना जवळपास शून्य व्होल्टेज दिसले पाहिजे. मिटूनही बारा व्होल्ट राहत असतील तर पॉइंट काळवंडले आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या (पॉइंट ज्यात असतात आणि जो प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो त्या भागाच्या) आतली अर्थची बारीक वायर तुटली आहे. उघडूनही शून्यच राहत असेल तर कॉइलपर्यंत पुरवठा येतो का ते पाहावे, आणि येत असेल तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारा छोटा भाग) शॉर्ट आहे किंवा आतली वायर पत्र्याला घासते आहे. थंड असताना उत्तम चालणारी आणि तापल्यावर बंद पडणारी गाडी कॉइल किंवा कंडेन्सरकडे बोट दाखवते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमटपणा साचतो. टोपी आतून कोरडी पुसून कार्बनच्या केसासारख्या रेषा दिसतात का ते उजेडात पाहावे, कारण रेषा पडलेली टोपी पुसून सुधारत नाही.

जुन्या पद्मिनीतले उघड्या पट्टीचे फ्यूज स्प्रिंगच्या चिमट्यात बसतात. फ्यूज बोटाने फिरवताच दिवा लागला, तर फ्यूज चांगला असून चिमटा गंजलेला आहे. फ्यूज जळाल्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती सोडलीच पाहिजे, कारण मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळते. हेडलाइटसाठी जास्त वॅटचे बल्ब लावायचे असतील तर करंट मूळ स्विचमधून न नेता फ्यूजसह रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवावा.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर सर्व बंद करून, दारे लावून, निगेटिव्ह टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडावा. तो लागला तर एकेक फ्यूज काढत जावे, आणि ज्या फ्यूजला तो विझतो त्या सर्किटमध्ये गळती शोधावी. सगळे फ्यूज काढूनही तो लागलेलाच राहिला तर कट-आऊट, इग्निशन स्विच आणि नंतर कोणी जोडलेला रेडिओ यांची वायर सोडून पाहावी, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत चार्जिंग आणि इग्निशनच्या वायरींना फ्यूज नसतो. बोटाने वाकवताच वायरीचे आवरण तडकत असेल तर तुकडे जोडत बसू नये. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून, फोटो काढून, मूळ रंगांचे आणि मूळ जाडीचे संपूर्ण वायरिंग करून घ्यावे, म्हणजे पुढे डायग्राम हातात घेणाऱ्याला गाडीत तेच रंग सापडतील.